ग्यानबाच्या वाटेवरचा एक दिवस

पहाटेचे तीन वाजले होते. पुण्याच्या भवानी पेठेतील एका शाळेच्या वर्गखोलीत, बाक भिंतीकडे सारून मोकळ्या केलेल्या जागेत आम्ही तीसबत्तीस माणसे दाटीवाटीने निजलो होतो. कोणी तरी माझे पाऊल धरून हलविले आणि हळूच म्हटले, "नडीरी मास्तर." कानडीत त्याचा अर्थ "चला, निघा." वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलांना जागे करण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला वर्गात निजलेला असताना दुसऱ्याने जागे करावे, हा अनुभव मला नवा होता.

तो दिवस बुधवार, १४ जून २०२३ चा. तिथी ज्येष्ठ वद्य एकादशी. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली होती. पुण्यातील दोन मुक्काम आटोपून ती आज सासवडला जावयाची होती. आळंदी ते पंढरपूर या संपूर्ण वाटचालीत एका दिवसात तोडावयाची ही सर्वांत लांब मजल. अंतर तीस किलोमीटरांच्या आसपास, त्याच्या उत्तरार्धात दिवे घाटाची चढण, आणि त्यातून एकादशी म्हणजे पोटात अन्न नाही. मृगाचा पाऊस त्या वर्षी लांबलेला. आकाशात ढगाचा टिपूस नव्हता. मला रजा चारच दिवसांची मिळाली होती. पूर्ण वारी घडणे शक्य नव्हते; तेव्हा त्यातल्या त्यात जो दिवस कठीण तो तरी पायांखालून घालावा, अशा हिशेबाने मी आदल्या रात्री पुण्यात येऊन आमच्या दिंडीला मिळालो.

दिंडी आमच्या बेळगाव जिल्ह्यातली. तिचा क्रमांक मी येथे देत नाही. तो सांगण्याची वेळ आली तेव्हा मला तो आठवला नाही, हे पुढे येईलच.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. या वारीस जाताना माझ्या मनात विठ्ठलभक्तीइतकाच दुसराही एक भाव होता, आणि तो फारसा सात्त्विक नव्हता. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने माझा सारा पत्रव्यवहार कानडीत चालतो. परिपत्रके कानडीत येतात, उत्तरे कानडीत जातात, बैठकीत बोलायचे ते कानडीत. आमच्या आवारात मराठी आणि कानडी अशा दोन शाळा शेजारीशेजारी आहेत; दोन घंटा आहेत, आणि दोन्ही घंटांचे नाद वेगळे ठेवण्याची दक्षता दोन्ही बाजूंनी घेतली जाते. दर वर्षी जून महिन्यात मराठी पहिलीच्या पटावर किती नावे येतात ते मी धडधडत्या छातीने मोजतो. अशा माणसाला वाटले की, निदान चार दिवस तरी ज्ञानोबांच्या मागून, निखळ मराठीत चालावे. कानडीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही असा मनोमन नेम करून मी आलो होतो. आणि पहिल्याच पहाटे कानावर पडला तो शब्द "नडीरी".

तो शब्द उच्चारणारी अव्वा चिकोडीकडच्या एका खेड्यातली. वय सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटकुळी, कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. तिची ही तेविसावी वारी. लिहिता-वाचता तिला ना मराठी येत होते ना कानडी. मात्र सारा हरिपाठ मुखोद्गत. रात्री दिंडीप्रमुखांनी आमची ओळख करून देताना म्हटले होते, "मास्तर, ह्या अव्वा तुमच्या शेजारी चालतील. जरा लक्ष असू दे." मी मोठ्या जबाबदारीने मान हलविली. वृद्ध स्त्री, त्यातून मराठी बेताचे येणारी. तिची काळजी घेणे माझ्याकडे आले, असे मी समजलो. त्यानंतर प्रमुख अव्वाशी कानडीत काहीतरी बोलले. नेमापायी मी तिकडे कान दिला नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला दिंडीच्या क्रमांकाचा एक पुठ्ठा देण्यात आला. दोरी ओवून तो गळ्यात अडकवायचा. शाळेच्या सहलीत मुलांच्या गळ्यात असेच पुठ्ठे मीच बांधीत आलो आहे. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने ते करावे हे मला प्रशस्त वाटेना. पुठ्ठा मी पिशवीत टाकला, पिशवी सामानाच्या ट्रकमध्ये गेली, आणि तिच्याबरोबर विजेच्या अभावी मान टाकलेला माझा भ्रमणध्वनीही गेला.

पालखी विठोबाच्या मंदिरातून माउलींच्या पादुका निघाल्या तेव्हा उजाडू लागले होते. पहिली आरती शिंदे छत्रीपाशी झाली. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण वाटेवरची ही जागा आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना विशेष जवळची वाटावी अशी आहे. महादजी शिंदे १७९४ साली येथेच, वानवडीस निवर्तले. शिंद्यांची सत्ता पुढे ग्वाल्हेरीस नांदली. आणि आज आपण ज्या थाटात ही पालखी चालताना पाहतो तो थाट त्याच दरबाराशी संबंधित असलेल्या एका पुरुषाने घालून दिला. हैबतरावबाबा आरफळकर हे त्यांचे नाव. मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन आळंदीस यावे आणि दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीस न्याव्यात, असा प्रघात सुरू केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सन १८३२ च्या सुमारास, हैबतरावबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. दरबारी माणसाच्या नजरेतली शिस्त त्यांनी वारीस लावली: दिंड्यांचा क्रम, तळ, चोपदार, अश्व. आळंदीच्या महाद्वाराची पहिली पायरी ही त्यांची समाधी होय. माउलींच्या दर्शनास जाणारा प्रत्येक जण त्या पायरीवरूनच आत जातो.

या कार्यात बाबांना साहाय्य झाले ते अंकलीच्या शितोळे सरदारांचे. घोडे, तंबू, नैवेद्य यांची व्यवस्था त्या घराण्याने पत्करली, आणि अश्वांचा मान आजतागायत त्याच घराण्याकडे आहे. अंकली कोठे, असे पुण्याच्या माणसाला विचारावे; बहुधा सांगता येणार नाही. अंकली आमच्या जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी. दर वर्षी माउलींचे दोन अश्व तेथून निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून दहाअकरा दिवसांनी आळंदीस पोहोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर साक्षात माउली आरूढ असतात अशी श्रद्धा. म्हणजे पंढरीची पायी वारी पंढरीच्या आणखी दक्षिणेस, कानडी मुलखात सुरू होते. तेथून उत्तरेस आळंदीला जाते आणि मग पुन्हा दक्षिणेस वळते!

विसाव्याच्या वेळी मी पुढे जाऊन ते अश्व पाहून आलो. मोकळ्या पाठीच्या अश्वाच्या टापांखालची धूळ बायका-पुरुष कपाळी लावीत होते. परतल्यावर अव्वाला विचारले, "अश्व पाहिलेत का?" ती म्हणाली, "आमच्या गावावरून जातंय की दर साली." एवढेच. मी इतिहास वाचून ज्याचे अप्रूप मानत होतो ते तिच्या दारावरून जात होते.

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरकडे जाते. माउलींची उजवीकडे सासवडच्या वाटेस लागते. रस्त्याच्या दुतर्फा पुणेकरांची सेवा चालू होती. कोणी केळी वाटीत होते, कोणी राजगिऱ्याचे लाडू. एके ठिकाणी नाभिक बांधव फुकट दाढी करून देत होते. एक चर्मकार तुटक्या वहाणा शिवून देत होता आणि पैसे पुढे केले की हात जोडीत होता.

दिंडी म्हणजे नुसता घोळका, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी तिच्यात एक दिवस चालून पाहावे. पुढे पताकावाले, त्यांच्या मागे ओळी धरून टाळकरी, मध्ये मृदंगी आणि गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी, मागे डोईवर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया. रथापुढे सत्तावीस दिंड्या. रथामागे त्यांच्या कित्येक पट. कोणत्या दिंडीने कोणाच्या मागून चालायचे ते ठरलेले. दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोणते अभंग म्हणायचे तेही ठरलेले. ओळीतून बाहेर पडणाऱ्याला कोणी अडवीत नाही. पाणी प्यावे, पाय चोळावेत आणि पुन्हा आपल्या ओळीत यावे. छडी नाही, घंटा नाही. माझ्या व्यवसायामुळे या गोष्टीकडे माझे लक्ष जरा अधिकच गेले. टाळाचा सराव नसल्याने माझी जागा टाळकऱ्यांच्या मागे होती. लगतच्या स्त्रियांच्या ओळीत कडेला अव्वा. तिची चाल पाहण्याजोगी. ती कधी घाई करीत नसे आणि कधी थांबतही नसे. माझी पावले लांब पडू लागली की म्हणे, "सावकाश नडीरी." या दोन शब्दांतला दुसरा तिचा, तेव्हा पहिला माझा असणार, असे मी धरून चाललो होतो. मग आठवले की धारवाडकडच्या कानडीत "सावकाश" हा शब्द अगदी घरचा आहे.

फुरसुंगीच्या अलीकडे माझ्या हातून एक गोष्ट घडली. भजन रंगात आले होते. अव्वा नामघोष करीत होती आणि तिच्या तोंडून "ग्न्यानोबा" असा उच्चार येत होता. आधी मी दुर्लक्ष केले. पण तीस वर्षांची खोड; ती पायांनी कितीही वाट तुडविली तरी सुटत नाही. मी वाकून, पण आजूबाजूच्या चारपाच जणांना ऐकू जाईल अशा मास्तरी आवाजात म्हणालो, "अव्वा, ग्न्यानोबा नव्हे; ज्ञानोबा. द्न्या. जीभ दातांना लावायची."

शेजारच्या दोन बायका हसल्या. अव्वाही हसली. तिने एकदा माझ्यासारखे म्हणून पाहिले, जीभ अडखळली. मग ती गप्प झाली. बराच वेळ तिच्या ओठांची हालचाल दिसली नाही. मला त्याचे फारसे काही वाटले नाही. उलट एक चूक दुरुस्त केल्याचे किंचित समाधानच होते.

उरुळी देवाचीला दुपारचा विसावा झाला. साबुदाण्याची खिचडी, त्यावर चहा. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून मी पाय पसरले तेव्हा दोन्ही टाचांना फोड आल्याचे दिसले. पडल्या पडल्या मला इरावती कर्वे यांच्या "वाटचाल" या लेखाची आठवण झाली. "परिपूर्ती" या १९४९ सालच्या संग्रहातला तो लेख एम.ए.च्या दिवसांत वाचलेला. पंढरीच्या वाटेवर चालता चालता बाईंना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचली: ज्या भूमीतली माणसे पंढरीच्या वारीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशा आशयाची. त्याच लेखात त्यांनी जातवार वेगळ्या चालणाऱ्या, वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्यांबद्दलची आपली वेदनाही लपविलेली नाही. ही व्याख्या मी सीमाभागातील सभांतून अनेकदा सांगितली आहे आणि टाळ्याही मिळविल्या आहेत, कारण तिच्यायोगे बेळगाव महाराष्ट्रात येते. तिच्यायोगे अव्वाही महाराष्ट्रात येते, हे त्या गोणपाटावर पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. आणि व्याख्या उलट फिरवली तर? विठ्ठलाला आमच्या संतांनीच कानडा म्हटले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या "श्रीविठ्ठल: एक महासमन्वय" या ग्रंथात या देवाचे दक्षिणेकडचे धागेदोरे विस्ताराने शोधले आहेत, पुरंदरदासांची पदे "पुरंदर विठ्ठल" या मुद्रेवर संपतात. हे सर्व मला पाठ होते. परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते.

अव्वाने पदराच्या गाठीतून हळदीची पूड काढली, तेलात कालवली आणि माझ्यापुढे ठेवली. बोलली मात्र नाही.

वडकी नाक्यापासून घाट दिसू लागतो. डोंगराच्या अंगावरून वळणे घेत वर चढणारा रस्ता, आणि तो मुळीच दिसत नाही. दिसतात ती माणसे. पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, लुगड्यांचे हिरवे-तांबडे रंग. डोंगरावर कोणी सतरंजी पसरावी आणि ती हळूहळू वर सरकावी तसे ते दृश्य होते. चढण सुरू होताच रथाला बैलांच्या आणखी जोड्या जुंपतात; परिसरातील शेतकरी आपापली जोडी मोठ्या अभिमानाने घेऊन आलेले असतात. घाट दिवसभर दर्शनाला आलेल्यांनी भरलेला. कठड्यांवर, दरडींवर, जेथे पाऊल टेकेल तेथे माणूस. डोक्यावरून छायाचित्रे घेणारी उडती यंत्रे घोंघावत होती. घाटापुरते येऊन, वारकऱ्याच्या शेजारी उभे राहून आपलीच छबी टिपणाऱ्या मंडळींबद्दल मनात एक तिखट वाक्य तयार होत होते. तेवढ्यात एका वळणावर खाली मस्तानी तलाव दिसला, आणि तो नीट पाहावा म्हणून मीच ओळीतून बाहेर पडलो.

पाच मिनिटे थांबलो असेन. फार तर दहा. मागे वळलो तेव्हा समोरून चालली होती ती दिंडी आमची नव्हती.

घाबरण्याचे कारण नव्हते. मी झपाझप पुढे निघालो. एक दिंडी ओलांडली, दुसरी ओलांडली. ओळखीचा चेहरा दिसेना. मग शंका आली की आमचीच मागे राहिली असेल. कठड्याला टेकून थांबलो. डोळ्यांपुढून शेकडो वृद्ध स्त्रिया गेल्या. प्रत्येक लांबून अव्वा वाटे आणि जवळ आली की नसे. आता मात्र माझ्या पोटात गोळा उठला. माझी स्वतःची चिंता नव्हती. चिंता होती ती अव्वाची. सत्तरी उलटलेली उपाशी बाई, या गर्दीत, या उन्हात. आणि "लक्ष असू दे" असे मला बजावले होते. तिने कोणाला विचारायचे म्हटले तर भाषेचा प्रश्न. त्यातून मी तिला चारचौघांत गप्प केलेले. त्यामुळे तर ती मागे राहिली नसेल?

एका दिंडीतल्या टाळकऱ्याला विचारले, "माउली, बेळगावकडची दिंडी पाहिलीत का?"

"नंबर काय, माउली?"

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. रथामागची, एवढे निश्चित. आकडा सकाळी पुठ्ठ्यावर पाहिला होता. तो आता काही केल्या आठवेना. शाळेत मुलाला हजेरीचा क्रमांक सांगता आला नाही तर मी काय बोलतो ते माझे विद्यार्थी जाणतात. "तेवढा नंबर ठेवावा ध्यानात," टाळकरी सौम्यपणे म्हणाला आणि नाचत पुढे गेला. पुढे आणखी कितीतरी जणांना विचारले. "एक म्हातारी बाई, कानडी बोलणारी" असे वर्णन मी करी, आणि लोक सहानुभूतीने मान हलवीत. एकाने तर विचारले, "माउली, आई का तुमची?"

घाटाच्या वरच्या अंगास मी पोहोचलो तेव्हा चालणे थांबवून ओकाबोका उभा होतो. टाचांचे फोड फुटले होते. भोवताली नामघोषाचा नुसता कल्लोळ. आणि तेव्हा, पहिल्यांदाच, मी तो घोष नीट ऐकला. मराठवाड्यातली दिंडी गेली. ती म्हणत होती "ग्यानबा तुकाराम". खानदेशी टोप्या गेल्या, "ग्यानबा तुकाराम". साताऱ्याकडचे तरुण फुगड्या घालीत, उड्या मारीत गेले, तेही "ग्यानबा". पाऊण तास मी त्या घाटमाथ्यावर उभा होतो. जीभ दातांना लावून "द्न्या" म्हणणारा एकही मला भेटला नाही. वस्तुतः हे अक्षर ज् आणि ञ यांच्या संयोगातून झालेले. त्याचा आपण मराठीत "द्न्य" केला, कानडीने "ग्न्य", हिंदीने "ग्य". मूळ उच्चार त्यांपैकी एकाचाही नव्हे. हेही मला ठाऊक होते. वर्गात शिकविलेले आहे.

झेंडेवाडीचा विसावा, पुढचा सासवडपर्यंतचा रस्ता, याविषयी मला फारसे सांगता येणार नाही. एका अनोळखी दिंडीच्या मागून मी पाय ओढीत गेलो. त्यांच्यातल्या एका बाईने मला पाणी दिले, नाव-गाव न विचारता.

सासवडच्या तळावर पोहोचेतो रात्र पडली होती. सामानाचा ट्रक शोधावा म्हटले तर हजारो राहुट्या आणि शेकडो ट्रक. इतक्यात समाज आरतीची वेळ झाली आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर मी तिकडे खेचला गेलो.

ही समाज आरती पाहिली नसेल त्यांना तिची कल्पना देणे अवघड. मधोमध माउलींची पालखी. भोवती दिंड्या गोलाकार उभ्या. सर्व टाळ, सर्व मृदंग एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. मग चोपदार आपला चांदीचा चोप वर उचलतो आणि एक दीर्घ हाक देतो. त्या हाकेसरशी सर्व वाद्ये थांबतात. माणसे श्वास रोखून उभी असतात. लांब कोठे मूल रडले तर ऐकू येते. मात्र ज्या दिंडीला काही तक्रार, काही गाऱ्हाणे मांडायचे असेल तिने आपला टाळ थांबवायचा नाही, अशी रीत आहे. चोपदार त्या टाळाच्या रोखाने जातो, गाऱ्हाणे ऐकतो, तेथल्या तेथे निवाडा होतो. अर्ज नको, टपाल नको, आवक-जावक क्रमांक नको.

चोप वर गेला. शांतता पसरली. आणि पलीकडच्या बाजूने एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला.

कोणाची तक्रार असेल, असा विचार मी करीत होतो. चोपदार तिकडे गेले. क्षणभराने तो टाळ थांबला. हरवल्या-सापडल्याच्या सूचना सुरू झाल्या: कोणाची पिशवी सापडली होती, कोणाचे घड्याळ. मग आवाज आला की अमुक क्रमांकाच्या दिंडीतील एक मास्तर दिवे घाटात चुकले आहेत. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांस चष्मा. पायांस फोड आले आहेत. कोणाला आढळल्यास दिंडीत आणून पोहोचवावे.

तो क्रमांक कानी पडला आणि मला तात्काळ आठवला.

त्या शांततेत हात वर करून "मी येथे आहे" असे ओरडण्याचे धैर्य मला झाले नाही. आरती संपेपर्यंत मी मान खाली घालून उभा राहिलो. मग दोन स्वयंसेवकांनी मला माझ्या दिंडीच्या पालापाशी नेऊन सोडले. मी आधी विचारले, "अव्वा कोठे आहे? ती सापडली का?"

दिंडीप्रमुख माझ्याकडे पाहतच राहिले. "अव्वा हरवल्या कवा? त्या उजेड असतानाच तळावर आल्या. तुम्ही घाटात दिसेनासा झालाय म्हणून त्यांनीच सांगितलं. टाळ थांबवू नका, माझ्या मास्तरला शोधा, म्हणून त्याच बसल्या हटून."

"पण तुम्हीच रात्री म्हणाला होतात, लक्ष असू दे म्हणून."

"ते तुम्हाला की हो, मराठीत," ते जरा संकोचून म्हणाले. "त्यांना कानडीत सांगितलं होतं, मास्तर नवीन आहेत, त्यांना सांभाळा म्हणून."

अव्वा पालाच्या खांबाला टेकून बसली होती. मला पाहताच तिने पदराची गाठ सोडली. आत दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू होता; दुपारपासून तिने तो माझ्यासाठी राखलेला. "कूडरी," ती म्हणाली. मी बसलो. दिवसभर मनात घोळत असलेले वाक्य मी कानडीत बोललो. माझा नेम मोडला तो असा. सकाळी तुमचा शब्द चुकला नव्हता, माझे ऐकणे चुकले होते, असे काहीसे ते वाक्य होते. कार्यालयीन कानडीत ते फारच अवजड झाले असावे, विनंतीअर्जासारखे. अव्वाला कोणता शब्द, कसला शब्द, काही आठवेना. मी आठवण दिली तेव्हा ती म्हणाली, "ते होय! जीभ वळंना मास्तर, म्हणून मनात म्हणत होतो. चढणीला तसंच बरं, दम लागत नाही."

पायांना तेल लावून मी आडवा झालो. सासवडला दोन मुक्काम असल्याने दुसऱ्या दिवशी चालणे नव्हते. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आणि त्यांच्या पालखीचे प्रस्थान पाहायचे होते. द्वादशीच्या पहाटे पुन्हा कोणी तरी पाऊल धरून हलविले. स्नान उरकून दर्शनाला निघालो तेव्हा पालाच्या तोंडाशी अव्वा माझी पिशवी घेऊन उभी होती. तिने माझ्याच पिशवीतून तो पुठ्ठा शोधून काढला होता. दोरी कोठे दिसेना, तेव्हा आपल्या बोचक्यातली सुतळी तिने त्यात ओवली, मला खाली वाकायला सांगितले, पुठ्ठा गळ्यात बांधला, आणि गाठ पक्की बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिले.